पहिली क्रूझ ठरवताय? प्लॅनरला काय सांगायचं, काय विचारायचं

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सिंगापूर क्रूझचा रेट काय?"

मी रेट सांगत नाही. उलट विचारते, "कोण कोण निघालंय?" समोरच्याला वाटतं, बाई टाळतेय. पण गुडघे दुखणारी आजी, नवरा-बायको आणि दहावी झालेली मुलगी निघालीय, की ऑफिसातले चार मित्र, यावर जहाज बदलतं, खोली बदलते, महिना बदलतो. मग रेट आपोआप बदलतो.

ठाण्यात घरी बसून लोकांच्या सहली आखून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे "प्लॅनर घ्या" असं मी म्हणणारच. तरी जिथे माझी गरज नसते तेही सांगते.

पायरी १: प्लॅनर खरंच हवाय का?

मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन-तीन रात्रींची सफर असेल, तर फारसा नको. विमान नाही, व्हिसा नाही. जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं, तिथे नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलंय आणि २०२५च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. सीएसएमटीला उतरून टॅक्सीने दहा मिनिटांचं काम. आधार कार्ड आणि कंपनीची वेबसाइट एवढ्यावर भागतं. खोली कुठली घ्यावी एवढंच कुणा जाणत्याला विचारा.

सिंगापूरची गोष्ट वेगळी. क्रूझ तीन-चार रात्रींची, पण तिच्या अलीकडे-पलीकडे विमान, हॉटेल, व्हिसा, विमा आणि दोन-तीन देशांचे प्रवेशाचे नियम असतात. एकदा जहाजावर पाऊल ठेवलं की पुढचं सगळं जहाजवाले बघतात, आणि चांगलं बघतात. घोळ होतात ते बंदराच्या अलीकडे, नाहीतर परत उतरल्यावर. प्लॅनर लागतो तो एवढ्यासाठी. युरोप आणि अलास्का तर पहिल्या खेपेला एकट्याने करूच नका.

प्लॅनरला पैसे कोण देतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. क्रूझ कंपनी तिकिटाच्या मूळ भाड्यावर कमिशन देते. बंदर शुल्क आणि कर यांवर सहसा काही मिळत नाही. म्हणून प्लॅनरकडचा रेट आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा रेट साधारण सारखाच असतो. व्हिसा, विमान, हॉटेल यांचे काही जण वेगळे पैसे घेतात. सरळ विचारा, "तुमचे किती?" जो या प्रश्नाने नाराज होतो, त्याच्याकडे जाऊ नका. दुसरा प्रश्न: "यापेक्षा स्वस्त जहाज आहे, ते का नको?" चांगला प्लॅनर कारण सांगेल. "ते आपण करत नाही" असं उत्तर आलं, तर तो त्याला परवडणारं विकतोय, तुम्हाला हवं असलेलं नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघाच. पैसे फर्मच्या खात्यात जातायत ना? कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवू नका. जीएसटीची पावती मिळतेय ना? आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, हे कोष्टक व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी हातात आहे ना? बुकिंग झाल्यावर कंपनीचा बुकिंग नंबर मागून घ्या आणि कंपनीच्या ॲपमध्ये घालून बघा. तिथे तुमचं नाव दिसलं तर तिकीट खरं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पायरी २: पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाका

लोक डॉक्टरशीसुद्धा लपवालपवी करतात, तिथे प्लॅनरचं काय! पण पुढची माहिती आधी मिळाली तर निम्मी डोकेदुखी वाचते.

कुणाला बोट लागते का? गाडी लागणाऱ्याला बोट लागेलच असं नाही, पण शक्यता धरायची. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला चालताना काठी लागते? व्हीलचेअर जात नाही अशी दारं साध्या खोल्यांना असतात. रुंद दाराच्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. कुणाला बीपी, साखर, हृदयाचा त्रास आहे? विम्यात हे लिहावं लागतं. लपवलं तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, आणि भर समुद्रातून कुणाला किनाऱ्यावर हलवायची वेळ आली तर बिल बघून दुसरा झटका येईल.

घरात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांच्या पुढे चढू देत नाहीत. तान्हं बाळ साधारण सहा महिन्यांचं तरी असावं लागतं.

जेवणाचंही आधीच सांगा. नुसतं "व्हेज" म्हणू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, जैन आहे का, गुरुवारचा उपास आहे का, हे सांगा. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे भारतीय जेवण सहज मिळतं. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच नोंदवलेलं बरं. युरोपातल्या जहाजावर पहिल्याच रात्री मुख्य डायनिंग रूमच्या हेड वेटरला गाठायचं आणि "उद्यापासून आम्हाला हे असं हवं" म्हणून सांगायचं. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात बऱ्याचदा मिळतो. पाणीपुरीची अपेक्षा ठेवू नये.

पायरी ३: मार्ग आणि महिना

नवख्यांना मी दोनच मार्ग सुचवते.

पहिला घरचा. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. जहाज १९९० सालचं आहे, आजच्या मानाने लहान आणि थोडं जुन्या वळणाचं. पण हा प्रकार आपल्याला मानवतो का, हे दोन रात्रींत आणि कमी खर्चात कळतं. आमच्या वडिलांच्या पिढीला भाऊच्या धक्क्यावरून गोव्याला जाणारी बोट आठवते. त्यांना हे जहाज दाखवलं की ते आधी डेकवर वळकटी पसरायची जागा शोधतात. पावसाळ्यात मात्र अरबी समुद्राच्या वाटेला जायचं नाही. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम, त्यातही डिसेंबर-जानेवारीत समुद्र बऱ्यापैकी शांत. लक्षद्वीप घेणार असाल तर एक मनाशी पक्कं धरा. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात. वारा असला तर ते रद्द होतं. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगच्या वेळी विचारा.

दुसरा सिंगापूरचा. तिथून मलेशियातलं पेनांग आणि पोर्ट क्लांग, थायलंडमधलं फुकेत अशा तीन-चार रात्रींच्या सफरी निघतात. 'गेंटिंग ड्रीम' हे त्यातलं भारतीयांचं आवडतं जहाज. २०१६ साली बांधलेलं, अठरा डेकचं (म्हणजे मजल्यांचं), टनेजने, म्हणजे आकारमानाने, एम्प्रेसच्या तिप्पट. जहाज जेवढं मोठं तेवढं हलणं कमी जाणवतं. शिवाय पेनांगच्या वाटेवर मलाक्काची सामुद्रधुनी लागते, तिला एका बाजूने सुमात्राची आणि दुसऱ्या बाजूने मलेशियाची आड आहे. बोट लागण्याची धास्ती असलेल्या माणसाला हा मार्ग सोसतो. फुकेत घेणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल बघा. पावसाळ्यात अंदमानचा समुद्र खवळलेला असतो.

काही सफरी कुठल्याच बंदराला लागत नाहीत. दोन रात्री समुद्रात हिंडून जहाज परत येतं. स्वस्त असतात म्हणून लोक त्याच मागतात. लहान मुलं असतील तर जरूर घ्या, मुलांना जहाजच पुरतं. पण ज्येष्ठ मंडळींना दुसऱ्या दिवशी दुपारी "आता काय?" असा प्रश्न पडतो.

पायरी ४: खोली

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि इथेच लोक सगळ्यात कमी विचार करतात.

खोल्या चार प्रकारच्या: आतली (खिडकी नाही), समुद्र दिसणारी (खिडकी आहे, उघडत नाही), बाल्कनीची, आणि स्वीट (सगळ्यात मोठी आणि महाग). आतली सगळ्यात स्वस्त. दिवा मालवला की तिथे दिवस आहे की रात्र कळत नाही. कॉलेजच्या पोरांना ती उत्तम, खोलीत थांबतंय कोण! बंद जागेत जीव घाबरणाऱ्याला मात्र चुकूनही देऊ नका. आई-वडिलांना नेत असाल तर बाल्कनीसाठी पैसे मोडा. सकाळी सहाला चहाचा कप घेऊन ते तिथे बसतात आणि नातवंडं उठेपर्यंत उठत नाहीत.

पण प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. जहाजाचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो, तो प्लॅनरसोबत उघडून बसा. बोट लागत असेल तर मधोमध आणि खालच्या डेकची खोली घ्या. झोका पाळण्याच्या टोकाला मोठा लागतो, मध्ये कमी, तसंच हे आहे. टोकाची आणि अगदी वरची खोली टाळा. तुमच्या डोक्यावर काय आहे तेही बघा. स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी खोली सगळ्यात शांत. गुडघेवाल्यांना लिफ्टजवळची, पण अगदी लिफ्टसमोरची नको.

"गॅरंटी केबिन" म्हणून एक स्वस्त प्रकार असतो. त्यात प्रकार ठरलेला, खोली कंपनी देईल ती. चांगली लागली तर नशीब, नाहीतर खिडकीसमोर लाल-पिवळी लाइफबोट टांगलेली. ज्येष्ठांसाठी मी तो कधीच घेत नाही.

चौघं एका खोलीत मावतात, हे कागदावर खरं आहे. तिसरा-चौथा पलंग छतातून किंवा भिंतीतून खाली येतो आणि शिडीने चढावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, म्हणून मोह होतो. पण चार मोठी माणसं आणि एवढंसं बाथरूम असेल, तर दोन जोडखोल्या घ्या आणि भांडणं वाचवा. एकट्या प्रवाशाला बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं, हे अन्यायाचं आहे, पण आहे.

मोठा गोतावळा निघाला असेल, पंचाहत्तरी किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल, तर आठ-दहा खोल्या वेगवेगळ्या बुक करू नका. ग्रुप म्हणून विचारा. प्लॅनरला कंपनीकडून काहीतरी सवलत काढता येते, ती तुमच्यापर्यंत येतेय का ते बघायचं काम तुमचं.

पायरी ५: खरा खर्च

जाहिरातीतला आकडा हा फक्त भाड्याचा असतो. त्यावर बंदर शुल्क, कर, आणि टिप. ही टिप माणशी, दर रात्रीची, बिलात आपोआप लागते. आपण "देऊ की नको" असं ठरवायचं नसतं. मग विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, विमा. जहाजावर चढल्यावर वायफाय, दारू-सॉफ्ट ड्रिंक, खास रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली. मी सिंगापूरसाठी लोकांना भाड्याच्या दुप्पट रक्कम धरायला सांगते. उरले तर उरले.

दारूचं पॅकेज घेताना सावध राहा. पुष्कळ कंपन्यांत एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने ते घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. काकांच्या दोन पेगसाठी काकूंच्या लिंबू सरबताचे तेवढेच पैसे.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड हेच पाकीट, आणि ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं. डेबिट कार्ड देऊ नका, हमी म्हणून अडकवलेली रक्कम सुटायला बरेच दिवस लागू शकतात. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करता येते. पहिल्याच दिवशी रिसेप्शनला जाऊन ती बंद करून घ्या.

परदेशी पॅकेजवर प्लॅनर टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा आयकर, घेतो. तो त्याच्या खिशात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. म्हणून पॅन बरोबर द्या.

पायरी ६: कागद

पासपोर्टची मुदत परत येण्याच्या तारखेनंतर सहा महिने तरी हवी. तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत इथे हमखास गडबड होते.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटांमार्फत होतो. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते बघून घ्या. तिथलं 'अरायव्हल कार्ड' पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट खोटी. परत येतानाही पुन्हा भरावं लागतं, हे विसरू नका. मलेशिया आणि थायलंडचेही असे फॉर्म आहेत. तुमच्या सफरीत ते तुम्ही भरायचे की नाही, हे प्लॅनरकडून लेखी घ्या. "आम्ही तिथे उतरणारच नाही" हा युक्तिवाद चालत नाही. मार्गातल्या देशासाठी लागणारे कागद नसतील तर जहाजावर चढूच देत नाहीत.

युरोपात ग्रीसहून निघून तुर्कस्तानला लागून परत येणारी सफर असेल, तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) अनेक प्रवेशांचा हवा. त्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. मुलाकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा अलास्का क्रूझ मागतात, तेव्हा मी पहिला प्रश्न कॅनडाच्या व्हिसाचा विचारते. जहाज सिएटलहून सुटत असलं तरी वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतं. परदेशी जहाजांनी अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी नेऊ नयेत असा १८८६ सालचा कायदा आहे, त्यामुळे ही वाकडी वाट.

पायरी ७: बॅग

इस्त्री, पाण्यात सोडायची कॉइल, इलेक्ट्रिक कुकर, मेणबत्ती, उदबत्ती: यातलं काही नेऊ नका, काढून घेतात. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. देव सोबत न्या, निरांजन घरी ठेवा.

लाडू-चिवडा न्यायचा असेल तर न्या, पण जहाज कंपनीचा नियम आधी विचारा. आणि दिवाळीत निघणार असाल तर अनारसे घरीच खाऊन संपवा. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, ती अफूच्या बोंडातून येते म्हणून. खसखस घातलेलं करंजीचं सारणही त्यात आलं. ई-सिगारेट तर अजिबात नाही.

बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या. त्या मळमळायला लागल्यावर नाही, जहाज सुटायच्या आधी घ्यायच्या असतात. सोबत आलेपाकाच्या वड्या ठेवा, आणि मळमळलं तर खोलीत न पडता उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा.

पायरी ८: चढायचा दिवस

ज्या दिवशी जहाज त्याच दिवशी सकाळचं विमान, असं कधीही करू नका. मुंबईत धुकं, विमानाला चार तास उशीर, आणि सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवरून जहाज गेलेलं. आदल्या दिवशी पोचा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमालाकडे द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दारात येतात. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मुलं दुपारी तीनला पूलकडे धावतात आणि कपडे मात्र रात्री आठला येतात.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. ती चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हापासून कंपन्या याबाबत कडक आहेत.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही.

बंदरावर उतरलात की "जहाजाचं घड्याळ" पाळा. फुकेतची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवतो, जहाज बहुधा आपली वेळ बदलत नाही. हातात साधं घड्याळ घाला. जहाजाची सहल घेतली असेल आणि तिला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही. पेनांगला जॉर्जटाउन शहर धक्क्याजवळच आहे, तिथे स्वतःचं स्वतः फिरा. फुकेतला, जिथे जायला-यायलाच वेळ जातो, तिथे जहाजाची किंवा प्लॅनरने खात्रीने ठरवलेली गाडी घ्या.

शेवटची रात्र

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीच त्या नेतात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. सकाळचे कपडे बाहेर काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. एका काकांनी ते दोन्हीदा ऐकलं, मान डोलावली, आणि सगळ्या पँटी नीट घडी घालून बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी इमिग्रेशनच्या रांगेत ते वर गाला नाइटचा ब्लेझर आणि खाली चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून उभे होते. नातवाने काढलेला तो फोटो काकांच्या परवानगीने मी आजही नव्या प्रवाशांना निघायच्या आदल्या दिवशी पाठवते.